ब्लॅक अँड व्हाइट फोटो छापायचेत तर पेपर-शाई कुठली? आधी तुमच्या फोटोतला काळा बघा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नंदुरबारच्या मिरची पथारींवर (मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानांवर) काढलेले ब्लॅक अँड व्हाइट फोटो धुळ्याला एका कॉलेजच्या हॉलमध्ये लावायचेत, नंतर तेच प्रिंट वर्षानुवर्षं जपून ठेवायचेत, तर पेपर मॅट घ्यावा की ग्लॉसी, आणि गावातल्या स्टुडिओवाल्याकडे जो सहा रंगांचा इंक टँकवाला प्रिंटर आहे त्यावर भागेल का. सोबत चार फोटो पाठवले ते बरं केलं. फोटो न बघता जो पेपर सुचवतो ना, त्याच्याकडे तोच पेपर पडून असतो विकायला.

तर तुमचे फोटो काळे आहेत. वाईट अर्थाने नाही म्हणत. दुपारचं कडक ऊन, पथारीवर लांबपर्यंत मिरची पसरलेली, बायका तोंडाला फडकं बांधून उकिडव्या बसून खुडतायत, डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, त्यामुळे चेहऱ्याचा जो काही भाग दिसतो, म्हणजे कपाळ आणि डोळे, तो अख्खा सावलीत. दुसऱ्या फोटोतली म्हातारी घ्या. तिच्या डोळ्याखालच्या सुरकुत्या, पदराची किनार आणि मागच्या गोणीचा खरखरीतपणा हे सगळं फाइलमध्ये ५ ते २० टक्क्यांच्या पट्ट्यात बसलंय (० म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पांढरा). मॉनिटरवर ते दिसतं कारण मॉनिटर मागून उजेड फेकतो. कागदावर तो पट्टा उलगडला तर फोटो आहे, नाहीतर फडकं बांधलेला एक काळा गोळा आहे. एका ओळखीच्या पोराच्या प्रदर्शनात असाच फोटो होता शेतमजूर बाईचा, तिला मुद्दाम बोलावलं होतं बघायला, तिने जवळ जाऊन बघितलं आणि म्हणाली, "बठ्ठं काळंच शे, मन्हं तोंड कोठे शे?" (सगळं काळंच आहे, माझं तोंड कुठंय?) समीक्षा म्हणायची तर याच्यापुढे काही उरतच नाही.

म्हणून मॅट की ग्लॉसी हे नंतर, आधी हे बघायचं की तुमच्या फोटोतला गडद भाग कुठल्या पेपरवर वेगवेगळा दिसतो. याला एक आकडा असतो, डीमॅक्स म्हणतात, म्हणजे त्या पेपर-शाईच्या जोडीला जास्तीत जास्त किती गडद काळा जमतो तो. चांगल्या मॅट कॉटन पेपरवर तो साधारण १.६ ते १.७ येतो, बरायटा टाइपच्या, म्हणजे हलकी चमक असलेल्या पेपरवर (त्याचं पुढे सांगतो) २.२ ते २.४ पर्यंत जातो. वाटतं एवढुसा फरक, पण हा लॉगचा आकडा आहे. १.६ म्हणजे कागदावर पडलेल्या उजेडातला अडीच टक्के परत येतो, २.३ म्हणजे फक्त अर्धा टक्का. मॅटवरचा काळा हा खरं म्हणजे खूप गडद राखाडीच असतो, आणि मग तुमच्या ५ ते २० टक्क्यांच्या सगळ्या छटा त्या राखाडीच्या वर थोड्याशा जागेत दाटीवाटीने बसतात.

पण याचा अर्थ मॅट वाईट असाही नाही हं. तोरणमाळला पावसाळ्यात धुकं उतरतं तेव्हाचे फोटो, किंवा फिक्या आभाळाखाली तापीचं पात्र, असलं काही असतं तर मी डोळे झाकून मॅट कॉटन म्हटलं असतं, कारण तिथे सगळी मजा वरच्या फिक्या छटांत असते आणि मॅटवर त्या फार मऊ उतरतात. तुमच्या चारपैकी तीन फोटोंना मात्र मी बरायटाच म्हणेन. चौथा जो आहे, सकाळचा, पथारीवर बाया ओळीने चाललेल्या, तो मॅटवर जास्त छान दिसेल हे मलाही कळतंय, तरी एका प्रदर्शनात दोन तऱ्हेचे पेपर लावू नका. बघणाऱ्याचं लक्ष फोटोवरून कागदावर जातं.

बरायटा म्हणजे काय तर जुन्या डार्करूमच्या फायबर पेपरमध्ये कागद आणि इमल्शन (फोटो उमटतो तो रासायनिक थर) यांच्या मधे बेरियम सल्फेटचा पांढरा थर असायचा, त्याच्यामुळे तो पांढरा उजळ आणि काळा खोल दिसायचा. ज्यांनी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे 'इंदू'चे पेपर ट्रेमध्ये हलवलेत त्यांना माहितीये. आताच्या इंकजेट बरायटामध्ये त्या थरावर शाई धरून ठेवणारं कोटिंग असतं. चमक असते पण लग्नाच्या अल्बमसारखी काचेरी नाही, हलकीशी. हानेम्यूलेचा फोटो रॅग बरायटा ३१५ ग्रॅमचा, कॅन्सनचा बरायटा फोटोग्राफिक, इलफर्डचा गोल्ड फायबर, हे सगळे याच जातीतले. कॅन्सनचा प्लॅटिन फायबर रॅग ३१० ग्रॅमचा पण बघा, पूर्ण कॉटनचा आहे आणि जुन्या फायबर पेपरचा फील बऱ्यापैकी देतो, मला स्वतःला गडद फोटोंसाठी तो सगळ्यात आवडतो.

आता 'पूर्ण कॉटन' म्हटल्यावर आपल्याकडे लोकांना वाटतं की कापसाचे धागे घालून कागद करतात. कापूस जिनिंगमधून निघाला की सरकीला जी बारीक लव चिकटून राहते ना, सूत काढायला निरुपयोगी, तिला लिंटर म्हणतात, तिचा लगदा करून हे पेपर बनतात. म्हणजे आपल्याकडे जी सरकी म्हशीपुढे जाते तिच्याच अंगावरची लव, आणि तिकडून येताना एका शीटला काहीशे रुपये मोजायचे! असो. मुद्दा हा की कॉटनमध्ये लिग्निन जवळजवळ नसतं, आणि लाकडातलं लिग्निन हेच वर्तमानपत्र पिवळं पडायचं मोठं कारण. अल्फा सेल्युलोजचे पेपर लाकडापासूनच असतात पण त्यातलं लिग्निन काढून टाकलेलं असतं, त्यामुळे ते ॲसिड-फ्री आहेत ना एवढं बघून घेतले तरी चालतात. कॉटनच पाहिजे असा हट्ट नको.

हट्ट धरायचाच तर ब्राइटनरचा धरा. बरेच पेपर जास्त पांढरे दिसावेत म्हणून त्यात ऑप्टिकल ब्राइटनर घालतात, कपड्याच्या पावडरमध्ये असतं तसलंच. ते अल्ट्राव्हायोलेट शोषून निळसर उजेड परत देतं म्हणून कागद पांढराशुभ्र वाटतो. काही वर्षांनी ब्राइटनर दमतं आणि कागद आपल्या मूळ पिवळसर रंगावर येतो. त्यातही गंमत अशी की पांढऱ्या एलईडीच्या उजेडात अल्ट्राव्हायोलेट जवळजवळ नसतंच, त्यामुळे जो पेपर दुकानाच्या दारात उन्हात लखलखीत दिसला तोच हॉलमधल्या एलईडीखाली मळकट वाटू शकतो. ओळखायची सोपी युक्ती आहे, नोटा तपासायचा जो जांभळा लाइट असतो, कुठल्याही सराफाकडे मिळेल, त्याखाली अंधारात कागद धरायचा. निळा पेटला तर ब्राइटनर भरपूर आहे. प्लॅटिन पेटत नाही. जपून ठेवायचा सेट असेल तर न पेटणाराच घ्या, थोडासा क्रीमकडे झुकलेला पांढरा डोळ्याला दोन मिनिटात सवयीचा होतो.

आता शाई. मोडी कागद बघितलेत कधी? धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे, १९२७ पासूनचं, तिथे जाऊन बघा. काजळीच्या शाईने लिहिलेली अक्षरं शेकडो वर्षांनी काळीच्या काळी असतात, कागद जातो पण काळा जात नाही, कारण काजळी म्हणजे कार्बन आणि कार्बनला उजेड काही करत नाही. पिगमेंट प्रिंटरच्या काळ्या आणि राखाडी शाईत मुख्यतः हाच कार्बन असतो, अगदी बारीक कण करून. डाय शाई वेगळी, त्यात रंग द्रवात विरघळलेला असतो, कागदात मुरतो, दिसायला झकास दिसतो, पण ऊन आणि हवेतला ओझोन त्याला हळूहळू खातात.

तुमच्या स्टुडिओवाल्याकडचा जर एप्सन एल१८०० किंवा एल८०५ असेल, आपल्याकडे बहुतेकांकडे तेच असतात, तर ती डाय शाई आहे आणि त्याच्या सहा टाक्यांमध्ये काळा, निळा, गुलाबी, पिवळा आणि फिका निळा, फिका गुलाबी असं आहे. राखाडी कुठेच नाही. म्हणजे तुमचा प्रत्येक राखाडी टोन हा रंगीत शायांचं मिश्रण करून बनणार, आणि ते मिश्रण जरा इकडचं तिकडे झालं की कुठे हिरवट, कुठे गुलाबी झाक. शिवाय तोच प्रिंट ट्यूबलाइटखाली एक दिसतो आणि खिडकीपाशी दुसराच. स्टुडिओवाल्याने बाजारातली 'कॉम्पॅटिबल' शाई भरली असेल, आणि बहुतेक भरलेलीच असते, तर कंपनीचं प्रोफाइलही, म्हणजे रंग नीट यावेत म्हणून दिलेली सेटिंगची फाइल, उपयोगाचं नाही. फक्त काळ्याच शाईने छापून दे म्हणालात तर झाक जाईल, पण फिक्या भागात ठिपके दिसतात. प्रदर्शनाचं बोर्डवरचं टेक्स्ट, आमंत्रण, क्रम लावायला छोटे प्रूफ, एवढ्यासाठी तो प्रिंटर वापरा, छान आहे. मूळ प्रिंट त्यावर नको. एल८१८० सारख्या मॉडेलमध्ये राखाडी टाकी असते, झाक खूप कमी होते, पण फोटोसाठीची शाई तिथेही डायच, त्यामुळे प्रदर्शनापुरतं ठीक, ठेवणीसाठी नाही.

कलर लॅबवाला म्हणेल आमच्या मशीनवर ब्लॅक अँड व्हाइट काढून देतो, रासायनिक पेपर आहे, पक्का आहे. तो पेपर रंगीत फोटोचा असतो, त्यात काळा म्हणून वेगळं काही नसतंच, तीन रंगांचे थर मिळून काळा तयार होतो, त्यामुळे झाकेचं दुखणं तिथेही तेच.

तुम्हाला पाहिजे तो प्रिंटर म्हणजे पिगमेंट शाईचा आणि निदान दोन राखाडी असलेला. एप्सनने २००५ च्या सुमाराला अल्ट्राक्रोम के३ शाई आणली तेव्हापासून काळा, फिका काळा, अजून फिका काळा अशी तिहेरी जोडी मिळायला लागली आणि इंकजेटचा ब्लॅक अँड व्हाइट खऱ्या अर्थाने तिथून सुधारला. आता एप्सनचे पी७००, पी९०० किंवा कॅननचा प्रोग्राफ प्रो-१००० असे प्रिंटर हे काम करतात. जळगाव-धुळ्यात कोणाकडे नसेल तर नाशिक, पुणे, मुंबईला छापून घ्यायचे, फाइल तर ऑनलाइन जाते. छापणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. शाई ओरिजिनल आहे का, एप्सन असेल तर ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये छापणार का (त्यात राखाडी शायाच मुख्य काम करतात, रंगीत नावापुरत्या लागतात), आणि काळी शाई कोणती लावणार. हा तिसरा प्रश्न ऐकून जो गोंधळेल त्याच्याकडे देऊ नका. या प्रिंटरांमध्ये काळ्या दोन असतात, फोटो ब्लॅक चमक असलेल्या पेपरसाठी आणि मॅट ब्लॅक मॅटसाठी. मॅट पेपरवर फोटो ब्लॅक मारली तर काळा फिका पडतो, बरायटावर मॅट ब्लॅक मारली तर शाई नीट धरत नाही, बोट लावलं की निघते. कुठली लागणार हे ड्रायव्हरमधल्या मीडिया टाइपवरून ठरतं, त्यामुळे 'पेपर कुठला' हे तिथे चुकीचं निवडलं की महागडा पेपर वाया.

पुढेमागे स्वतः प्रिंटर घेणार असाल तर आपल्या हवेचं एक सांगतो. इंकजेटला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, हवा कोरडीठाक, नोझल सुकतात आणि जाड पेपरचे कोपरे उचलून शाई फेकणाऱ्या हेडला घासतात. म्हणून मग लोक प्रिंटर कूलरसमोर ठेवतात! कूलर ओल आणि धूळ दोन्ही सोबत फेकतो, प्रिंटर त्याच्या झोतात नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आणि वीज. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा, भिंतीवरच्या बटणाने नाही, कारण त्याच्या बटणाने बंद केल्यावरच हेड आपल्या झाकणात जाऊन बसतं. मधेच लाइट गेली की हेड उघडं पडतं, दोन दिवस तसंच राहिलं की गेलं कामातून. इन्व्हर्टरशिवाय पिगमेंट प्रिंटर घ्यायच्या भानगडीत पडू नका, आणि आठवड्यातून एखादा तरी प्रिंट काढत राहा.

चाचणी कशी करायची ते नीट वाचा, कारण सगळे इथेच कंटाळा करतात. आधी मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करा, साधारण १०० कँडेलाच्या (स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास आणा. "प्रिंट काळपट आले" या तक्रारीत दहातले आठ वेळा मॉनिटर पूर्ण उजेडावर ठेवलेला असतो. मग पेपरवाल्यांचे सॅम्पल पॅक मिळतात, एफोरच्या एक-दोन शीट प्रत्येक जातीच्या, ते मागवा. एका शीटवर ० ते १०० पर्यंत पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्यांची पट्टी छापा आणि तिच्या शेजारी म्हातारीच्या चेहऱ्याचा तुकडा, प्रदर्शनात जेवढा मोठा येणार तेवढ्याच साइजचा. पट्टीत पूर्ण काळा आणि ५ टक्के यांच्यात फरक दिसतो का, ५ आणि १० मधे दिसतो का ते बघा. प्रिंट काढल्या-काढल्या ठरवू नका, दुसऱ्या दिवशी बघा, सुकल्यावर काळा थोडा बदलतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते तुकडे घेऊन त्या हॉलमध्ये जा, प्रदर्शनाच्या वेळेला, तिथलेच लाइट लावून भिंतीवर धरा. कॉलेजच्या हॉलमध्ये ट्यूबलाइट आणि समोर खिडक्या असणार, तर बरायटावर खिडकीचं प्रतिबिंब येईल, काच लावलीत तर अजून जास्त. फोटो खिडकीच्या समोरच्या भिंतीवर नकोत, खिडकीच्याच भिंतीवर किंवा बाजूच्या भिंतीवर लावा, आणि लाइट वरून तिरका. हे जमणारच नसेल, हॉल चारही बाजूंनी खिडक्यांचा असेल, तर माझं वरचं सगळं म्हणणं बाजूला ठेवून मॅट कॉटन घ्या आणि फाइलमधल्या सावल्या मॅटसाठी वेगळ्या उचलून घ्या. चमकणाऱ्या खोल काळ्यापेक्षा दिसणारा उथळ काळा बरा.

मिरचीचं राहिलंच. रंगीत फाइलवरून ब्लॅक अँड व्हाइट करताना लाल चॅनेल जास्त घेतलात तर मिरची फिकी पडून मुरमुरे पसरल्यासारखे दिसतात, निळा जास्त घेतलात तर डांबर. तुमच्या पहिल्या फोटोत ती पांढुरकी झालीये. मधे कुठेतरी ठेवा, म्हणजे प्रत्येक मिरचीची सुकलेली घडी वेगळी दिसेल. लाल चॅनेलने त्वचाही उजळते, ते चेहऱ्यासाठी सोयीचं वाटतं, पण उन्हात राबलेली माणसं गोरी करून छापू नका राव.

टोनचं विचाराल तर न्यूट्रल. फारतर नखभर वॉर्म. सेपिया अजिबात नको, ती पथारी आज चालूये, तिला जुन्या काळचा रंग कशाला.

कॉटन पेपरला छापायच्या आधी मऊ ब्रशने झटकायला सांगा, त्याचे बारीक कण सुटतात, शाई कणावर बसते, नंतर कण पडला की काळ्यात पांढरा ठिपका. छापायची बाजू कळत नसेल तर कोपऱ्यावर किंचित ओलं बोट लावा, चिकटेल ती कोटिंगची बाजू. प्रिंट निदान एक दिवस उघडे सुकू द्या, लगेच फ्रेम केले तर शाईतला उरलेला द्रव काचेच्या आतून धुकं धरतो. आणि कृपा करून लॅमिनेशन नको! आपल्याकडे सर्टिफिकेटपासून आजोबांच्या फोटोपर्यंत सगळं लॅमिनेट करायची जी खोड आहे, त्याने त्या बरायटाच्या पृष्ठभागावर प्लॅस्टिक चढतं आणि पेपरचे पैसे पाण्यात. एमडीएफवर फेविकॉलने चिकटवणंही तसंच, एमडीएफमधून ॲसिडची वाफ येत राहते. ॲसिड-फ्री माउंटबोर्ड घ्या, प्रिंट वरच्या दोन कोपऱ्यांवर जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगा, म्हणजे उद्या काढायचा तर पाण्याच्या बोटाने सुटतो. मागे नाव, गाव, तारीख मऊ पेन्सिलने.

ऑर्डर द्यायच्या आधी एक दिवस काढून चाळीसगावला जाऊन या. स्टेशनजवळ फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय केलंय, १९८९ ला ते गेले. टेबलटॉपवाले, म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडून फोटो काढणारे म्हणून त्यांचं नाव, तुमच्या कामाशी विषय जुळत नाही, पण ते जुने ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट समोर उभं राहून बघा, काळ्याच्या आत अजून किती काय असू शकतं हे स्क्रीनवर कधीच कळत नाही.

खर्चाचं म्हणाल तर १३ बाय १९ इंची बरायटा, ओरिजिनल पिगमेंट, वर माउंट आणि फ्रेम, असे तीस फोटो बजेटमध्ये बसणार नाहीत हे मी आत्ताच सांगतो. पेपर हलका करू नका, फोटो कमी करा. तुमच्या यादीत गोण्या भरतानाचे पाच आहेत, त्यातले तीन सहज जातील, ट्रकचे दोन्ही जातील. उरलेल्यांतले सगळ्यात गडद चार निवडून आधी तेवढेच एफोरवर काढून घ्या, सोळा-बिट टिफ फाइल द्या, जेपेग नको, आणि ते हातात आले की मला दाखवा, मग बाकीच्या ऑर्डरचं बघू.